सात आणि नऊ नंबरची बेल

समजा, तुमच्यासमोर टेबलावर एक पेटी आहे. जाडजूड पुस्तकाएवढी. पुढे छोटा पडदा, मागे तारा जोडायची भोकं, आत बोटभर लांबीचा संगणक. त्या संगणकाला अजून काहीच येत नाही. त्याच्यात तुम्हाला लिनक्स, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, भरायचं आहे, पण लॅपटॉपवर असतं तसं भरभक्कम नाही. ते इथे मावणारच नाही. या पेटीला एकच काम करायचंय, तेव्हा तेवढ्यापुरतं बेतून शिवलेलं लिनक्स हवं.

त्यासाठी बिल्ड टूल नावाचा बांधणी करणारा प्रोग्राम असतो. त्याला तुम्ही रेसिपी लिहून द्यायच्या. हो, त्यांना रेसिपीच म्हणतात. अमुक प्रोग्राम कुठून आणायचा, त्यात काय बदल करायचे, तो कसा तयार करायचा, पेटीत कुठे ठेवायचा. मग एंटर दाबायचं आणि हाताची घडी घालून बसायचं. टूल सगळं सामान गोळा करतं, स्वतःचं एक कामाचं फोल्डर मांडतं, तिथे हवा तेवढा पसारा घालतं आणि शेवटी तुमच्या हातात एक फाइल ठेवतं. तिला इमेज म्हणतात. ती पेटीत टाकली की पेटी कामाला लागते.

आता समजा, पेटीची बेल मध्येच अडतेय. तुम्ही दिवसभर डोकं खाजवता आणि चूक सापडते. नेमकी त्या कामाच्या फोल्डरमध्ये, समोर उघडी पडलेली. तुम्ही तिथल्या तिथे चार ओळी बदलता, तेवढाच तुकडा पुन्हा बांधून पेटीत टाकता. बेल वाजते. आता एकच गोष्ट उरली. त्या चार ओळींचा पॅच, म्हणजे फक्त बदल टिपलेली छोटी फाइल, करायचा आणि तो रेसिपीत नोंदवायचा, कारण ते फोल्डर तुमचं नाही, टूलचं आहे. उद्या कुणी साफसफाई करायला सांगितली, की टूल ते अख्खं फोल्डर झाडून टाकणार आणि रेसिपीत लिहिलंय तेवढंच नव्याने करणार. काम दोन मिनिटांचं. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, "चल रे, डबे उघडलेत." तुम्ही काय कराल?

आचारी जेवायला गेला.

आचारी हे त्याचं नाव नव्हे. दिवसभर रेसिपी लिहितो म्हणून ऑफिसात ते चिकटलं, आणि घरी याला चहासुद्धा धड करता येत नाही हे त्याच्या बायकोने सगळ्यांदेखत सांगितल्यावर तर पक्कंच झालं. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची छोटीशी कंपनी. दवाखान्यांसाठी आणि वृद्धाश्रमांसाठी बोलावण्याच्या बेलचे पॅनल बनवायची. खाटेशी बटण, आणि मदतनिसाच्या टेबलावर पेटी. बटण दाबलं की पेटीच्या पडद्यावर खाटेचा नंबर लुकलुकतो आणि बेल वाजते. एवढंच.

बिल्ड सुरू केलं की निदान तासभर तरी त्याला काही काम नसे. इतर लोक त्या वेळात मोबाइल बघतात. आचारी लोकांच्या वस्तू दुरुस्त करायचा. कुणाच्या छत्रीची काडी, कुणाच्या चष्म्याची दांडी, कुणाच्या बॅगेची चेन. त्याच्या खणात छोटे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि डिंकाची बाटली असायची. टायरवालाही वर येऊन कॅल्क्युलेटर देऊन जायचा आणि म्हणायचा, "तुमचं ते शिजतंय तोवर हे बघा जरा." आचाऱ्याला हे आवडायचं. बिघडलेली गोष्ट आपल्या हातून सुधारली की त्याचा चेहरा उजळायचा. नव्या मुलांना शिकवतानाही तो हमखास सांगायचा, "कामाच्या फोल्डरमध्ये हात घालायचा नाही. घातलाच, तर बाहेर पडताना पॅच घेऊन बाहेर पडायचं."

आणि त्या दिवशी तो स्वतः विसरला. जेवून आल्यावर कंपनीच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, दुसरं काम पुढ्यात टाकलं. पॅनल त्याच्या टेबलावरच होता, बेल वाजत होती, त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, "दोन खाटांनी एकदम दाबलं की बेल अडायची ना, ते झालं."

पुढे कधीतरी, बिल्ड ज्यावर चालायचं त्या सर्व्हरची डिस्क भरली. त्याने साफसफाईची आज्ञा दिली, सगळं नव्याने बांधलं. टूलने कुरकूर न करता काम संपवलं, एकही चूक नाही. ती इमेज गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात बसवलेल्या पॅनलमध्ये गेली.

तिथे दुपारच्या जेवणानंतरची वेळ होती. स्त्रियांच्या खोलीत बहुतेक सगळ्या आडव्या झालेल्या. सात नंबरच्या आजींना बाथरूमला जायचं होतं. त्यांनी उठायची धडपड करत बटण दाबलं. नऊ नंबरच्या आजी जाग्याच होत्या. शेजारणीची धडपड पाहून त्यांनीही नेमकं त्याच क्षणी मदतीसाठी आपलं बटण दाबलं. कुणी आलं नाही. सात नंबरच्या आजी थांबल्या, पुन्हा दाबलं, पुन्हा थांबल्या, आणि मग स्वतःच उतरायला गेल्या. पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

टेबलाशी मावशी होत्या. आश्रमातल्या सगळ्यात जुन्या मदतनीस. त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. साफसफाईवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांच्याच त्या मावशी. आजींचा मुलगा तणतणत आला. आश्रम बघणाऱ्या मॅडमनी कंपनीला फोन केला, पॅनल तपासायला माणूस पाठवा. आचारी गेला.

मावशींच्या टेबलाशी मॅडम होत्या, मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मावशी दाराशी, पदराला हात पुसत. आचाऱ्याने लॅपटॉप जोडून पॅनलमधला लॉग उघडला. पॅनल आपण काय काय केलं ते ओळीओळीने लिहून ठेवतो.

"काय म्हणतंय?" मुलाने विचारलं.

"सात नंबरचं बटण दाबल्याची नोंद आहे," आचारी म्हणाला. "आणि पुढे, बेल सुरू."

"म्हणजे वाजली."

"लॉगमध्ये तसं आहे."

"ऐका," मुलगा मावशींना म्हणाला. "मशीन काही खोटं बोलत नाही."

मावशी म्हणाल्या, "दादा, वाजली असती तर मी गेले असते हो. मी चादरींच्या घड्या घालत होते. मला तर मांजर चाललेलं ऐकू येतं."

"मावशी, जेवणानंतर आपला सगळ्यांचाच डोळा लागतो," मॅडम समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "त्यात लाज कसली. पण खरं ते सांगा."

"एकदा वाजवून बघू," आचारी म्हणाला. तो स्त्रियांच्या खोलीत गेला, रिकाम्या पडलेल्या सात नंबरच्या खाटेचं बटण दाबलं. टेबलावरची बेल खणखणीत वाजली, बाहेरच्या जिन्यापर्यंत ऐकू गेली. मावशींनी मान खाली घातली.

तो तारा गुंडाळत असताना नऊ नंबरच्या आजी उशीवरून म्हणाल्या, "मीपण दाबलं होतं की."

"हो का आजी," आचारी म्हणाला, आणि बॅगेची चेन लावली.

रस्त्यात बसमध्ये आजींचं वाक्य त्याच्या डोक्यात घुमायला लागलं. मीपण दाबलं होतं. लॉगमध्ये नऊची ओळही होती. त्याने पाहिली होती. साताच्या खालीच, त्याच क्षणाची. मोठ्याने वाचून दाखवली नव्हती, एवढंच. आणि "बेल सुरू" ही ओळ प्रोग्राम आवाज काढायच्या आधी लिहितो, नंतर नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ते वाक्य त्यानेच तिथे घातलेलं. त्याचा अर्थ "वाजवतो आता" एवढाच होता.

ऑफिसात पोचल्या पोचल्या, चप्पलही न काढता, त्याने स्वतःच्या टेबलावरच्या पॅनलला सात आणि नऊ नंबरची दोन बटणं जोडली आणि दोन्ही एकदम दाबली. बेल वाजली. पुन्हा दाबली. वाजली. समोरचा म्हणाला, "आचारी, बास कर, दाराशी कुणी आलंय असं वाटतं दरवेळी." आचारी हसला. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे दुरुस्ती जागेवर आहे. म्हणजे मावशींचाच डोळा लागला असणार. त्याला त्यांची कीव आली आणि, खरं सांगायचं तर, कीव करता येतेय याचं बरंही वाटलं.

मधल्या काळात मॅडमचा फोन आला होता सरांना. मशीन ठीक आहे असं तुमच्या माणसाने सांगितलं, आभारी आहोत. मावशींनी चूक कबूल केली. आजींची माफी मागितली. त्यांना खाटांजवळचं काम नको म्हणून धुलाईच्या खोलीत पाठवलंय.

"कबूल केली?" आचाऱ्याने विचारलं.

"केली म्हणे. आधी नाही नाही म्हणत होती, मग म्हणाली, लागला असेल डोळा. सुटलो आपण," सर म्हणाले.

आचाऱ्याला उलगडा झाला तो अगदी भलत्याच निमित्ताने. टायरवाल्याच्या कॅल्क्युलेटरच्या दुरुस्तीसाठी विजेचा पॉइंट हवा होता म्हणून त्याने टेबलावरच्या पॅनलचा प्लग उपसला, आणि काम झाल्यावर परत लावला. पॅनल चालू होताना पडद्यावर क्षणभर एक ओळ येते: ही इमेज कधी बांधली त्याची तारीख. त्याने ती हजारदा पाहिली होती. आज वाचली. ती डिस्क भरण्याच्या आधीची होती.

त्याच्या टेबलावरच्या पॅनलमध्ये अजून तीच जुनी इमेज होती, त्याने हाताने बदललेली. आश्रमात गेली ती नंतरची.

त्याने आश्रमात गेलेली इमेज सर्व्हरवरून काढली, आपल्या पॅनलमध्ये टाकली, दोन बटणं एकदम दाबली.

पडद्यावर सात लुकलुकला. आवाज नाही.

कामाच्या फोल्डरमध्ये जाऊन त्याने बेलच्या प्रोग्रामची फाइल उघडली. त्याच्या चार ओळींच्या जागी जुन्याच ओळी, निवांत बसलेल्या. रेसिपी उघडली. पॅचचं नाव कुठेच नाही. टूलचा काडीचाही दोष नव्हता. त्याला जे सांगितलं होतं ते त्याने इमानेइतबारे केलं होतं. बेल अडली की प्रोग्राम बराच वेळ मुका राहून मग आपोआप सावरतो, म्हणून तर नंतर आश्रमात एक बटण दाबल्यावर बेल साळसूदासारखी वाजली.

पॅच करायला दोनच मिनिटं लागली. तेच त्याला सहन होईना.

घरी बायकोने ताट वाढलं. तो भाताशी खेळत बसला.

"मीठ कमी आहे का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग तोंड का असं? सर काही बोलले?"

त्याने सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "त्या मावशींना कळवलंस?"

"नवी इमेज टाकून येईन उद्या. पुन्हा असं होणार नाही."

"मी इमेजचं विचारत नाहीये."

"कंपनीवर येईल गं. पाच माणसांचं पोट आहे त्यावर. आजींचा मुलगा तापट आहे."

"आणि मावशींवर आलं ते?" ती म्हणाली. मग त्याच्या ताटाकडे पाहून, "जेव आधी. उपाशी राहून कुणाची चूक भरून निघत नाही."

सकाळी तो सरांच्या टेबलासमोर उभा राहिला. सर ऐकता ऐकता खुर्चीत मागे रेलत गेले.

"नवी इमेज गुपचूप टाकून ये," सर म्हणाले. "सुधारणा म्हणायची. त्या मावशींना नोकरीवरून काढलेलं नाही ना? पगार तोच आहे ना?"

"सर, त्यांनी न केलेली चूक कबूल केलीय. माझ्या सांगण्यावरून."

"तू कुठे सांगितलंस? तू फक्त लॉग वाचलास."

"तेच तर."

 सर माणूस म्हणून वाईट नव्हते. कर्ज काढून कंपनी उभी केलेली, पहिली पेटी त्यांनी स्वतः खांद्यावरून नेऊन बसवली होती. शेवटी त्यांनी गाडीची किल्ली उचलली. "चल. सोडतो तुला. पण मी गाडीतच बसेन. मला तिथे तोंड दाखवायचं धैर्य नाही, उगाच खोटं कशाला बोलू."

मॅडमना आचारी काही समजावत बसला नाही. "मॅडम, तुम्ही टेबलाशी थांबा," म्हणाला. स्वतः खोलीत गेला, सातचं बटण एका हातात, नऊचं दुसऱ्या हातात घेतलं. नऊ नंबरच्या आजींनी विचारलं, "काय करतोस रे?" त्याने नऊचं त्यांच्या हातात दिलं. "आजी, तुम्ही दाबा तुमचं. मी म्हणेन तेव्हा."

दोघांनी दाबलं. बाहेरून काहीच ऐकू आलं नाही. मॅडम टेबलाशी उभ्या होत्या, पडद्याकडे बघत. त्या हळूच खुर्चीत बसल्या.

"म्हणजे त्या दिवशी..." त्या म्हणाल्या.

"वाजलीच नव्हती. चूक माझी आहे. मी केलेली दुरुस्ती इमेजमध्ये गेलीच नाही आणि मी तपासलं नाही. आणि त्या दिवशी इथे येऊनही मी एकच बटण दाबलं."

मॅडमनी कपाळ चोळलं. "आजींच्या मुलाला मला सांगावं लागेल."

"माझा नंबर द्या त्यांना."

"देणारच आहे." त्यांचा आवाज कडक होता, पण तो आचाऱ्यावर होता की स्वतःवर, ते त्याला कळलं नाही. मग त्या उठल्या. "चला. आधी मावशींकडे."

धुलाईची खोली मागच्या अंगाला होती. मशीन घुमत होतं, वाफेने भिंती ओलसर झालेल्या. मावशी चादरी पिळून बादलीत टाकत होत्या. मॅडमनी सांगितलं. आचाऱ्याने पुन्हा सांगितलं, सोप्या शब्दांत: दोघींनी एकदम दाबलं की माझी पेटी मुकी व्हायची, बेल वाजलीच नाही, तुमचा काही दोष नव्हता.

मावशींनी मशीन बंद केलं, नीट ऐकू यावं म्हणून. मग म्हणाल्या, "पण दादा, मला आठवतंय."

"काय आठवतंय?"

"डोकं टेबलावर ठेवलेलं. गालाला टेबल गार लागत होतं."

"त्या दिवशी तर तुम्ही म्हणालात, चादरींच्या घड्या घालत होता."

"म्हणाले खरी. पण मग तुम्ही मशीनमध्ये बघून सांगितलंत, मॅडमही म्हणाल्या, तो मुलगाही म्हणाला. मी रोज आठवायला लागले. आधी घड्या घालतानाचं आठवत होतं. मग हळूहळू ते टेबल आठवायला लागलं." त्या ओले हात तसेच धरून उभ्या होत्या. "आजींना मी सांगितलं, मला झोप लागली होती, माफ करा. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आता जाऊन सांगू, की लागली नव्हती?"

"मावशी, उद्यापासून तुम्ही परत खोलीत या," मॅडम म्हणाल्या.

"नको. इथे बरं आहे. इथे कुणी पडत नाही."

आचाऱ्याला काहीतरी बोलायचंच होतं. "मावशी, समजा डोळा लागलाही असेल. तरी बेलने तुम्हाला उठवायला हवं होतं. तेच तर तिचं काम. चूक बेलचीच."

मावशींनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे लागला होता, असं म्हणताय?"

"नाही. तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणताय?"

 मावशींनी थोडी वाट पाहिली, मग मशीन पुन्हा चालू केलं.

आचारी वर गेला, पॅनलमध्ये नवी इमेज टाकली, दोन बटणं दाबली, तीन दाबली, सगळ्या खाटांची दाबली. खोलीतल्या आज्या हसायला लागल्या. इतका गलका त्यांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. खाली सर गाडीत पेपर उघडून बसले होते, पण पान उलटं होतं. "काय म्हणाले?" त्यांनी विचारलं. आचारी म्हणाला, "मुलाला कळवणार आहेत," आणि गाडीचं दार ओढून घेतलं.

आजींच्या मुलाचा फोन येऊन गेला. तो बोलायचं ते बोलला, आचाऱ्याने ऐकायचं ते ऐकलं. कंपनी बुडाली नाही. आता नव्या मुलांना तो "बेल सुरू" ही ओळ आवाज निघाल्याची खात्री झाल्यावरच लिहायला शिकवतो, आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय "झालं" म्हणत नाही. बिल्ड चालू असताना लोक अजून छत्र्या आणून देतात. तो दुरुस्त करतो, पण मान वर करून हसत नाही, असं टायरवाला म्हणतो.

मधूनच तो आश्रमात पॅनल बघायला म्हणून जातो आणि धुलाईच्या खोलीत डोकावतो. मावशी त्याला चहा देतात. रागावलेल्या नाहीत, हे त्याला जास्त अवघड जातं. त्या चादरींच्या घड्या घालत असतात, पटापट, हाताला न बघता. तो त्यांचे हात बघत राहतो आणि त्याला दरवेळी तेच विचारावंसं वाटतं. विचारत नाही, कारण आता त्या जे सांगतील ते त्यांचं असेल की त्याने त्यांच्याकडून आठवून घेतलेलं असेल, हे ठरवायला जगात कुठलाच लॉग नाही: त्या दुपारी मावशींचा खरंच डोळा लागला होता का?